दिवाळी अंकातल्या लेखातले हिब्रू शब्द तपासून हवेत (तालमुद, कद्दिश, मेझुझा, कोशर वगैरे)

प्रूफवाला_इंदूर

नमस्कार मंडळी. इंदुरातल्या एका मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाची प्रुफं माझ्याकडे आहेत. कोकणातल्या बेने इस्राएल (मराठी ज्यू) समाजाच्या धर्माचारावर बारा पानी लेख आलाय. लेखाचा ओघ छान आहे, पण हिब्रू शब्द जागोजागी डळमळतात. लेखकांना विचारलं तर ‘सगळीकडे असंच दिलंय’ असं उत्तर येतं. खटकलेली वाक्यं जशीच्या तशी देतो:

१. ‘तालमुद हे ज्यूंचे बायबल असून तोरा व मिश्ना हे त्याचे दोन भाग आहेत.’
२. ‘मिश्ना बाराव्या शतकात मैमोनिदिसने लिहिली.’
३. ‘वडील वारल्यावर मुलाने रोज किद्दूश म्हणावा लागतो.’
४. ‘दाराच्या चौकटीवर मेझुझा नावाची पितळी डबी ठोकतात.’
५. ‘रब्बीने मंत्र म्हणून शुद्ध केलेले अन्न म्हणजे कोशर.’
६. ‘योम किप्पूर २१ सप्टेंबर २०२६ रोजी सकाळी सुरू होईल.’

शिवाय चुमाश, चल्ला, चनुका हे शब्द सगळीकडे ‘च’ने लिहिलेत. शेवटी अर्ध्या पानाची शब्दांची चौकटही द्यायची आहे. फर्मा शुक्रवारी छपाईला जाणार आहे. जाणकारांनी मदत करावी.

---

पोथीनिष्ठ

१ आणि २ मधली चूक एकच आहे. ग्रंथांचे थर वरखाली झालेत.

तळाशी तनाख, म्हणजे ज्यूंचं खरं बायबल. हे नाव आद्याक्षरांचं आहे: तोरा (मोशेचे पाच ग्रंथ), नेविईम (संदेष्टे), केतुविम (बाकीचं लेखन). ज्यू मोजणीने ही २४ पुस्तकं. प्रोटेस्टंट ‘जुन्या करारा’त मजकूर तोच, पण आकडा ३९. कारण तिथे शमुवेल, राजे आणि इतिहास यांचे दोन-दोन भाग धरतात, एज्रा-नहेम्या वेगळे करतात आणि बारा लघुसंदेष्ट्यांची बारा पुस्तकं मोजतात. लेखात एका पानावर २४ आणि दुसऱ्यावर ३९ आलं असेल, तर दोन्ही बरोबर असू शकतात. फक्त मोजणी कुणाची ते लिहा.

त्यावरचा थर मिश्नाचा. तोंडी चालत आलेल्या नियमांचं हे संकलन रब्बी येहूदा हानासी यांनी इ. स. २०० च्या सुमारास केलं. भाषा हिब्रू, विभाग सहा (‘सेदर’), आणि त्यांत मिळून ६३ ‘मसेखेत’ (एकेका विषयावरचे ग्रंथ). मिश्नाच्या एकेका वाक्यावर पुढच्या पिढ्यांनी केलेला खल म्हणजे गेमारा. तिची भाषा बहुतांशी अरामी. मिश्ना आणि गेमारा मिळून तालमुद. तालमुद दोन आहेत: यरुशलमी (अंदाजे इ. स. ४००) आणि बावली, म्हणजे बाबिलोनचा (अंदाजे ५००). मोघम ‘तालमुद’ म्हटलं की बावली समजायचा. तेव्हा तोरा हा तालमुदाचा भाग नव्हे. तालमुद ज्या नियमांचा काथ्याकूट करतो, त्यांचं मूळ तोरा.

मैमोनिदिस (११३८–१२०४), ज्यांना अभ्यासक ‘रंबाम’ म्हणतात, त्यांनी लिहिली ती ‘मिश्ने तोरा’. ती चौदा खंडांची नियमसंहिता आहे. नावं सारखी, पण मधे जवळजवळ हजार वर्षं. घोळ वाढायचं आणखी एक कारण म्हणजे रंबामनी मिश्नावर भाष्यही लिहिलंय. लेखकांनी ‘मिश्नावर’ वाचून ‘मिश्ना’ लिहिलं असावं.

लेखात ‘शुल्हान आरुख’ आलंय का? रोजच्या आचाराचा निर्णय शोधताना सर्वांत जास्त उघडला जाणारा ग्रंथ तो. योसेफ कारो यांची ही संहिता १५६५ मध्ये व्हेनिसला छापली गेली. कारोंचा कल सफार्दी (मूळ स्पेन-पोर्तुगालकडच्या ज्यूंच्या) रिवाजाकडे, म्हणून पोलंडच्या मोशे इस्सर्लेस यांनी अश्केनाझी (मध्य आणि पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या) रिवाजाच्या टिपा जोडल्या. ग्रंथाच्या नावाचा अर्थ ‘मांडलेलं मेज’, आणि टिपांचं नाव ‘मप्पा’, म्हणजे मेजावरचं कापड. ही मंडळी अशा नावांत भलतीच रमतात.

संदर्भ देताना ‘तालमुद, पृष्ठ २’ असं छापू नका. मसेखेतचं नाव, मग दाफ (पान), मग बाजू: ‘ब्राखोत २अ’. एका दाफाला अ आणि ब अशा दोन बाजू असतात, आणि बावलीतली जवळजवळ प्रत्येक मसेखेत दाफ २ पासून सुरू होते. बावलीच्या दाफ १ चा संदर्भ दिसला तर डोळे मिटून लाल करा. रोज एक दाफ वाचण्याचा ‘दाफ योमी’ क्रम १९२३ मध्ये सुरू झाला. दाफ २,७११, त्यामुळे एका फेरीला सुमारे साडेसात वर्षं लागतात. सध्याची चौदावी फेरी ५ जानेवारी २०२० ला सुरू झाली.

---

अष्टमीची_खाडी

पोथीनिष्ठ यांच्याशी सहमत. ३ आणि ४ मी घेतो.

कद्दिश, किद्दूश, केदुशा, किद्दूशीन. चारही शब्द ‘पवित्र’ या अर्थाच्या एकाच धातूतून आलेत, म्हणून गोंधळ ठरलेलाच.

कद्दिश ही अरामी स्तुती. म्हणायला मिन्यान लागतं, म्हणजे परंपरेने तेरा वर्षांवरचे दहा पुरुष. नऊच जमले तर कद्दिश होत नाही. वैयक्तिक प्रार्थना मात्र करता येते. आईवडिलांसाठी अकरा महिने म्हणायचा रिवाज आहे. लेखात ‘मृतात्म्यासाठीची प्रार्थना’ असं असेल तर जपून, कारण कद्दिशच्या मजकुरात मरणाचा उल्लेखच नाही, सगळी देवाची थोरवी आहे. शिवाय शोक करणाऱ्यांचं कद्दिश हा त्यातला एक प्रकार. प्रार्थनेचे टप्पे वेगळे करायलाही कद्दिश म्हणतात.

किद्दूश शब्बाथच्या (शनिवारच्या विश्रांतिदिवसाच्या) आणि सणाच्या जेवणाआधी, द्राक्षरसाच्या पेल्यावर. पेल्याचं किमान माप ‘रेविईत’. कुणी ते ८६ मिली धरतात, तर कुणी १५० मिलीपर्यंत नेतात. बेने इस्राएल घरांत वाइनऐवजी मनुकांचं सरबत चालतं. काळ्या मनुका रात्रभर पाण्यात भिजवायच्या, सकाळी हाताने चुरायच्या आणि फडक्यातून पिळून गाळायच्या. पाणी सढळ हाताने घातलं तर नुसतं गोडसर पाणी उरतं आणि द्राक्षरसावरची ब्राखा (आशीर्वचन) त्यावर चालत नाही. रस मनुकेच्या पोटातून निघायला हवा, म्हणून मनुकाही गरदार लागतात, सुकून दगड झालेल्या नकोत.

केदुशा हा सामूहिक प्रार्थनेत अमिदा (उभ्याने म्हणायची मुख्य प्रार्थना) मोठ्याने पुन्हा म्हणताना येणारा भाग. किद्दूशीन म्हणजे विवाहविधीतला वाग्दानाचा भाग. चौकटीत हे चारही एकाखाली एक द्या, म्हणजे वाचक घोटाळणार नाही. वाक्य ३ मध्ये ‘कद्दिश’ करा आणि ‘मिन्यान असेल तेव्हा’ जोडा.

मेझुझा म्हणजे डबी नव्हे. आतलं हाताने लिहिलेलं चर्मपत्र म्हणजे मेझुझा. त्यावर ‘अनुवाद’ या तोराच्या पाचव्या ग्रंथातले (हिब्रूत देवारीम) दोन उतारे, ६:४–९ आणि ११:१३–२१, एकूण २२ ओळींत. लिहिणारा ‘सोफेर’, टाकाने आणि शाईने. एक अक्षर तुटलं, पुसलं किंवा शेजारच्याला चिकटलं की मेझुझा ‘पासूल’, म्हणजे बाद. म्हणून डबी पितळी असो नाहीतर प्लॅस्टिकची, छापील कागद घातला असेल तर तो नुसता शोभेचा नग. जागा आत जाताना उजव्या हाताची चौकट, उंचीच्या वरच्या तिसऱ्या भागाच्या सुरुवातीला. चर्मपत्र पावसाळ्यात सर्दावतं आणि शाई उडते. सात वर्षांत दोनदा तपासायचं असा नियम आहे, पण दमट हवेत त्याहून लवकर काढून बघितलेलं बरं.

तीच गोष्ट तोराची. पाच ग्रंथांचं छापील, स्वरखुणा असलेलं पुस्तक ते खुमाश. हाताने लिहिलेली, स्वरखुणा नसलेली चामड्याची गुंडाळी ती सेफेर तोरा. सिनेगॉगमध्ये वाचतात ती गुंडाळी, सोमवारी, गुरुवारी आणि शब्बाथला. ओळीवर बोट ठेवत नाहीत, ‘याद’ नावाची दर्शिका धरतात. शब्बाथच्या सकाळी सात जणांना ‘आलिया’ मिळते, म्हणजे वाचनासाठी वर बोलावतात: पहिला कोहेन (पुरोहित वंशातला), दुसरा लेवी (मंदिरसेवकांच्या वंशातला), मग बाकीचे. लेखात कोहेन आणि रब्बी दोघांना ‘पुरोहित’ केलं असेल तर रब्बीचं बदला. कोहेनपण वंशाने येतं. रब्बी हा शिकून झालेला धर्मनियमांचा जाणकार. आणि प्रार्थना चालवतो तो हज्जान. बेने इस्राएलांची सिनेगॉगं पिढ्यान्‌पिढ्या रब्बीवाचून, हज्जानांच्या भरवशावर चालली.

---

हलन्त

‘च’चा रोग रोमन लिपीतून आलाय. तिथल्या ‘सीएच’ला आपण ‘च’ वाचतो. हिब्रूत तो घशातून येणारा ख/ह आहे. म्हणून खुमाश, हल्ला (शब्बाथचा पाव), हनुका (दिव्यांचा सण), हुप्पा (लग्नाचा मांडव), माहझोर (सणांचं प्रार्थनापुस्तक, रोजचं ते सिद्दूर), हामेत्स (वल्हांडणाला वर्ज्य आंबवलेलं अन्न). ‘ख’ की ‘ह’ यावर तलवारी उपसू नका. एक निवडा आणि अंकभर पाळा. ‘हल्ला’ मात्र शीर्षकात नको. ‘शुक्रवारी हल्ला’ वाचून लोक वर्तमानपत्र शोधायला लागतील. ‘हल्ला पाव’ लिहा.

दुसरी जोडगोळी: लेखात ‘शब्बाथ’ आणि ‘शाबोस’ दोन वेगळे दिवस असल्यासारखे आलेत का? एकच आहेत. त-थ हा सफार्दी आणि आधुनिक उच्चार, तर स हा पूर्व युरोपातल्या अश्केनाझींचा. बेने इस्राएलांवरच्या लेखात ‘शाबोस’, ‘यारमुल्का’ (डोक्यावरची टोपी) असे शब्द परके वाटतात. तिथे शब्बाथ आणि किप्पा.

मित्सवा (आज्ञा), मत्सा (बेखमीर रोटी), त्सित्सित (वस्त्राचे गोंडे) यांतला ‘त्स’ म्हणजे आपल्या ‘चाक’, ‘चमचा’मधला च. मराठी माणसाला उच्चार फुकटात येतो, पण छापताना तालव्य ‘च’शी गल्लत होते, म्हणून ‘त्स’च ठेवा. इंदुरी वाचक हिंदीच्या सवयीने ‘मिच्वा’ म्हणतील, ही भीतीही आहेच.

अनेकवचनं: मित्सवा–मित्सवोत, सेदर–सेदारीम, मसेखेत–मसेखतोत. मराठी वाक्यात मूळ एकवचनच वापरा, ‘६१३ मित्सवा’. (२४८ करण्याच्या, ३६५ टाळण्याच्या.) ‘मित्सवोतांचे’ वगैरे नको.

अवांतर: ‘सिम्हात तोराच्या दिवशी तोरा मिरवतात’ असं वाक्य असेल तर कृपया ‘तोराच्या गुंडाळ्या घेऊन फेऱ्या घालतात’ असं करा.

---

मीठ_मोहरी

५ बद्दल. मंत्राचा काही संबंध नाही. कोशर म्हणजे नियमात बसणारं. रब्बी किंवा त्याचा माणूस देखरेख करतो, अन्नाला पवित्र करत नाही. ब्राखा म्हणतात ती खाणारा माणूस खाण्याआधी म्हणतो, आणि ती पदार्थागणिक बदलते: झाडाच्या फळाला ‘हाएत्स’, जमिनीतून येणाऱ्याला ‘हाअदामा’, पाणी, चहा, मासे, अंडी यांना ‘शेहाकोल’. केळं ‘हाअदामा’त जातं, कारण केळीचं खोड दरवर्षी टिकून फळत नाही. मलीद्याच्या ताटात केळं असतंच, त्यामुळे हा मुद्दा लेखात शोभेल. मलीदा म्हणजे गूळ-खोबरं घातलेले पोहे आणि फळं, एलियाहू हानावी (संदेष्टा एलिया) यांच्या नावाने.

कोशरची अंगं थोडक्यात. प्राणी: रवंथ करणारा आणि दुभंगलेल्या खुरांचा, म्हणजे बकरं चालतं, डुक्कर नाही. मासे: पर आणि खवले दोन्ही हवेत. रोहू, सुरमई, रावस, पापलेट चालतात. कोळंबी, खेकडे, तिसऱ्या, मुशी चालत नाहीत. पापलेटाचे खवले बारीक असतात आणि कोळणीकडेच झडतात, त्यामुळे ऐकीव लेखांत ते ‘निषिद्ध’ यादीत जाऊन बसतं.

कापणी ती शेहिता, कापणारा शोहेत. सुरी निष्कलंक हवी. धारेला एक खाच सापडली तर त्या सुरीची कापणी बाद. मग रक्त काढायचं: मांस अर्धा तास पाण्यात, निथळवून सगळ्या बाजूंनी जाडं मीठ, तासभर उतरत्या फळीवर, मग तीनदा धुणं. बारीक मीठ वापरलं तर ते विरघळून जातं आणि रक्त ओढत नाही. सपाट परातीत ठेवलं तर मांस त्याच रक्तात पडून राहतं. काळजात (कलेजीत) रक्त इतकं की मिठाने भागत नाही, ती थेट विस्तवावर भाजावी लागते.

आणि मांस-दूध एकत्र नाही. बासारी (मांसाचं), हालावी (दुधाचं), पार्वे (दोन्ही नाही: मासे, अंडी, भाज्या). बेने इस्राएलांच्या मटणात दह्याऐवजी नारळाचं दूध असतं ते याचसाठी. नारळाचं दूध पार्वे. लेखात ‘कोशर म्हणजे शाकाहारी’ असं कुठे असेल तर तेही काढा. शाकाहारी थाळीतलं चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने जमवलेलं असू शकतं.

---

प्रूफवाला_इंदूर

काय बोलू! निम्मा लेख पुन्हा लिहायला लावणार तुम्ही. कलेजी आणि पापलेट आजच लेखकांना कळवतो. ६ राहिलं. आणि लेखात सणांची मराठी नावंही आहेत, ‘दारफाळणीचा सण’, ‘बिरड्याचा सण’. ती ठेवू का, की हिब्रू करू?

---

अष्टमीची_खाडी

ठेवाच! ते या समाजाचं खास धन आहे. दारफाळणीचा सण म्हणजे योम किप्पूर (प्रायश्चित्ताचा उपास), बिरड्याचा म्हणजे तिशा बेआव (आव महिन्याची नवमी, यरुशलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा उपास). मराठी नाव आधी, हिब्रू पुढे. पुण्यात १८७४ मध्ये हिब्रू-मराठी सचित्र हग्गादा (वल्हांडणाच्या रात्री वाचायची पोथी) छापली गेली, मुंबईत त्याआधी १८४६ मध्ये. त्यामुळे ‘मराठीत हे शब्द नवे’ असा सूर मात्र लेखात नको.

तारखेचं: दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. तिश्री महिन्याची १० तारीख २१ सप्टेंबर २०२६, पण उपास रविवारी, २० सप्टेंबरला सूर्यास्ताआधी लागतो आणि सोमवारी रात्री तारे दिसल्यावर सुटतो. शब्बाथचंही तेच, शुक्रवारी सूर्यास्ताआधी १८ मिनिटं दिवे लावायचे. इंदुरात नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे दिवे साडेपाचच्या आसपास. चौकटीत उदाहरण म्हणून द्यायला हरकत नाही.

वर्षाचा आकडा: रोश हाशानाच्या (ज्यू नववर्षाच्या) आधी इसवी सनात ३७६० मिळवा, नंतर ३७६१. तुमचा अंक दिवाळीचा, म्हणून ५७८७. लेखात ५७८६ असेल तर तो सप्टेंबरआधीचा हिशेब. ५७८७ ला अधिक महिना आहे. आपल्यासारखा तो कुठेही पडत नाही, दर १९ वर्षांत ७ वेळा अदार महिनाच दोनदा येतो. पुरीमचा सण दुसऱ्या अदारात, २३ मार्च २०२७.

---

पोथीनिष्ठ

एक महत्त्वाचं. लेखात ‘यहोवा’ असेल तर काढा. चार अक्षरांचं ते नाव ज्यू उच्चारत नाहीत. प्रार्थनेत त्या जागी ‘अदोनाय’, एरवी बोलताना ‘हाशेम’. सजावट म्हणून ती चार हिब्रू अक्षरं तर मुळीच छापू नका. देवाचं नाव असलेला कागद टाकत नाहीत, तो ‘गेनिझा’त जपून ठेवतात आणि पुढे पुरतात. दिवाळी अंक फेब्रुवारीत रद्दीत जातो. लेखासाठी ‘हाशेम’ पुरेसा आहे.

---

प्रूफवाला_इंदूर

‘यहोवा’ तीन ठिकाणी सापडलं, बदललं. सजावटीत ती चार अक्षरं नाहीत, फक्त शीर्षकाच्या वर हिब्रूत ‘शालोम’ आहे. ते बरोबर लागलंय का हे मला कसं कळणार? हिब्रू येत नाही.

---

हलन्त

वाचता येत नसलं तरी ओळखता येतं. चार अक्षरं आहेत. उजव्या टोकाला तीन दातांचं अक्षर (शीन) हवं, डाव्या टोकाला चारही बाजूंनी बंद चौकोन (शेवटचं मेम). चौकोन उजवीकडे गेला असेल तर शब्द उलटा लागलाय. पानं लावण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये उजवीकडून डावीकडे लिहिण्याचा पर्याय चालू नसला की असं होतं. तो चालू करून शब्द पुन्हा टाइप करायला सांगा, अक्षरं हाताने उलटी लावू नका. मग कुणी आकार बदलला किंवा मजकूर पुन्हा डकवला तर परत उलटतं. आणि पीडीएफमध्ये फॉन्ट एम्बेड करा, नाहीतर छापखान्यातल्या मशीनवर चारही जागी रिकामे चौकोन येतील. शुक्रवारच्या फर्म्याचं शेवटचं प्रूफ कागदावर काढूनच बघा, पडद्यावर नको.